एकशे बारा वेळा डुबियस

"आन् हे तांबडं काय म्हनायचं?"

धावजीबाबा मेंगाळांनी वहीचं पान उलटलं. पुढच्या पानावरही तेच. आणखी एक उलटलं... तिथेही तेच.

"समद्या पानांवर ह्येच एक तांबडं. हे कंच्या झाडाचं नाव?"

यशोधन रेठरेकरने वहीतल्या तांबड्या शाईकडे पाहिलं.

बाबांना वाचता येत नव्हतं. आयुष्यात शाळेची पायरी म्हणून त्यांनी चढली होती ती एकदाच, मतदानाला. पण ज्या माणसाला दहा पावलांवरून दोन जुळ्या वेलींतला फरक जन्मभर दिसत आला, त्याला डोळ्यांशी धरलेल्या पानावर तांबड्या शाईतलं तेच ते अक्षर दिसायला कसली अडचण?

"झाडाचं नाव नाही, बाबा. इंग्रजी शब्द आहे."

"कंचा?"

"डुबियस."

बाबांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग मान हलवली.

"म्हंजे?"

यशोधन पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. सह्याद्रीतल्या रानभाज्यांवर आणि कंदांवर त्याचं पुस्तक व्हायचं होतं. सहा वर्षं तो उंबरमाळाच्या या ठाकरवाडीत येत होता, धावजीबाबांच्या मागे रान तुडवत होता आणि ते सांगतील ते वहीत उतरवत होता. एकशे बारा वनस्पती झाल्या होत्या. वाडीतली माणसं त्याला मास्तर म्हणत. बाबांना तो गुरू मानायचा, निदान भाषणात तरी तसं सांगायचा.

सातव्या वर्षी तो फिरकलाच नाही. आज आला तो वही परत द्यायला.

हो, परत द्यायला. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला सव्वाशे पानांची वही परत! विद्वान माणूस दुःखात असला की काय करील याचा नेम नाही.

"डुबियस म्हणजे..." यशोधन सावरून बसला. विचारलेल्या शब्दाचा अर्थ सांगायचा म्हटलं की त्याच्यातला मास्तर आपोआप जागा व्हायचा. "म्हणजे संशय. पण साधा संशय नाही. साध्याला डाउट म्हणतात. डाउटमध्ये माणूस दोन्हीकडे झुलतो. डुबियसमध्ये तो एका बाजूला थोडा झुकलेला असतो. बहुतेक हे खरं नसावं, यावर भरवसा टाकू नये, असं मनात येतं. थोडी शंका, थोडी नापसंती. तोंड जरा वाकडं होतं ना, तसं."

"येवढं समदं त्या कंदात हाय?"

"कंदात नाही, बाबा. माझ्या मनात."

"मंग कंदाफुडं का लिवलंस?"

यशोधन हसला. हे त्याला आवडलं. गुरूने प्रश्न विचारावा आणि उत्तर आपल्याला येत असावं, यासारखं सुख नाही.

"इंग्रजीत तो दोन्हीकडे चालतो. माणूस डुबियस असतो, म्हणजे त्याला शंका असते. आणि वस्तूही डुबियस असते, म्हणजे तिच्याबद्दल शंका घ्यावी अशी ती असते."

"तू कुनाला लावलास?"

"झाडांना."

"हां..." बाबा म्हणाले. "झाडाला तर ठावं आसतं आपुन कोन हाय त्ये."

बाबांची सून हौसा आत भाकऱ्या थापत होती, त्याचा आवाज ओसरीवर येत होता.

"अर्थ कळला," बाबा म्हणाले. "आता वापर सांग."

"वापर?"

"कोयत्याचा अर्थ सांगशील तू मला, लोखंडाचा आसतो, वाकडा आसतो. मी इचारीन, कापतो का? ह्यो शबुद लिवला म्हंजे काय व्हतं?"

यशोधनने तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं. या शब्दाने वाचक सावध होतो. या शब्दाने शास्त्र प्रामाणिक राहतं. दोन्ही वाक्यं तयार होती. पण बाबा त्याच्याकडे असे बघत होते की, त्याने ती दोन्ही सोडून दिली.

"हा शब्द लिहिला..." तो म्हणाला, "की काही झालं तर माझ्यावर येत नाही."

"मंग कुनावर येतं?"

"खाणाऱ्यावर."

बाबांनी वही मिटली आणि बाजूला ठेवली.

आता झालं काय होतं, ते सांगायला हवं. गेल्या वर्षी याच दिवसांत, दिवाळी आटोपून, यशोधन इथूनच पिशवीभर करांदे घेऊन घरी गेला होता. करांदा म्हणजे वेलावर बटाट्यासारखा लटकणारा कंद. गोडा करांदा उकडून सरळ खातात. कडू करांदा दिसायला त्याचाच भाऊ, पण नुसता उकडून खाल्ला तर माणसाला आडवं करतो. यशोधनने ते पिशवीत भरले तेव्हा बाबा बाजाराला गेले होते. त्यांची वाट बघायची त्याला गरज वाटली नाही. सहा वर्षं झाली होती. आता त्याला कळत होतं.

घरी त्याने ते स्वतः उकडले. मीठ, जिरं, तूप. बायकोला, वैजयंतीला, हाताने वाढले. पहिलं ताट तिचं. प्रेमाने वाढलेलं, यात काही संशय नाही.

"डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं खाल्लं असतं तर..." यशोधन आता बाबांना सांगत होता. त्याने हे इथे कुणाला सांगितलं नव्हतं. "पाच दिवस दवाखान्यात. ओठ बधिर. उलट्या थांबेनात."

"आता कशी हाय?"

"बरी आहे. हसते. म्हणते, पुस्तकात माझं नाव घाल, एकशे तेरावी वनस्पती म्हणून."

बाबा हसले नाहीत.

"तिला चव कळली न्हवती?"

यशोधनने खाली बघितलं.

"कळली होती. ती म्हणाली, कडवट लागतंय."

"मंग?"

"मी म्हणालो, ते तसंच असतं. औषधी असतं."

"तिच्या तोंडाकडं बघून म्हनलास?"

"नाही. मी आतल्या खोलीत होतो."

"काय करत व्हतास?"

"लिहीत होतो."

"काय?"

"करांद्याचं पान..."

बाबा ओसरीच्या कडेला पाय सोडून बसले. रागावले असते तर यशोधनला बरं वाटलं असतं. शिवी खाल्ली की माणूस सुटतो.

"त्या दिवसानंतर मी सगळ्या नावांपुढे डुबियस लिहिलं," यशोधन म्हणाला. "एकशे बारा वेळा. प्रकाशक म्हणाले, अहो, एवढी शंका असेल तर पुस्तक काढताय कशाला? बरोबर आहे त्यांचं. म्हणून वही तुम्हाला द्यायला आलो. माझ्याकडे नको ती."

"मी काय करू तिचं? चुलीत घालू?"

"तुम्हाला वाटेल ते करा."

"भिकाबा गेला," बाबा म्हणाले. "पैलाडची येसाई गेली. रान वळखनारं आता मी येकलाच. आन् माझ्या ह्या डोळ्यांत पडदा आलाय. पोरं साळंत जात्यात, त्यांना वाचाया येतं, पर करांदा वळखाया येत न्हाय. त्यांच्यासाठी लिवतोस आसं तूच सांगत व्हतास ना?"

"चुकीचं लिहून पोरं मारू काय, बाबा?" यशोधनचा आवाज चढला. "तुम्हाला काय, तुम्हाला खात्री असते! तुम्ही बघता, हात घालता, काढता. मला ती खात्री येत नाही आता. आणि खोटी आणायची नाही मला."

त्याच्या या बोलण्यात दुःख होतं, ते खरं. पण थोडा तोराही होता, हेही खरं. कधी ज्ञानाचा तोरा मिरवला होता, आता शंकेचा मिरवत होता. तोरा सुटला नव्हता, फक्त त्याने टोपी बदलली होती.

बाबा उठले. खुंटीवरची टोपली काढली, कोपऱ्यातला कोयता काढला.

"चल."

"कुठे?"

"कडू करांदं आनू."

यशोधन जागचा हलला नाही.

"तेच?"

"त्येच. आमी खातो त्ये. तुला काय वाटलं, तुझ्या बायकूनं खाल्ला त्यो इखाचा गोळा हाय? त्यो बी अन्नच हाय, मास्तर. फकस्त त्याला येळ द्यावा लागतो."

ओढ्याच्या अंगाला वेल वाळायला लागले होते. बाबांनी पानं चाचपली, कंदाला नख लावलं, नखाला जीभ लावली आणि थुंकले. साठ वर्षं रान खाल्लेला माणूस प्रत्येक वेलापाशी हेच करत होता. यशोधनने सहा वर्षं हे पाहिलं होतं. म्हातारपणची सवय असेल, असं त्याला वाटायचं.

टोपली भरली. परत आल्यावर बाबांनी कोयता त्याच्यापुढे ठेवला.

"काप."

यशोधनने बाबांकडे पाहिलं. कडू कंद कापायचं काम त्याने दर वर्षी मागितलं होतं, आणि दर वर्षी बाबांनी "तू लिव, मी कापतो" म्हणून टाळलं होतं.

"मी नको, बाबा."

"का?"

"मागच्या वेळीही माझाच हात होता."

बाबांनी कोयत्याची मूठ त्याच्याकडे फिरवली.

"पातळ काप," एवढंच ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

यशोधनने साल काढली. एकेक चकती उजेडात धरून बघत तो कापू लागला. जाड झाली की कडूपणा आत राहतो, हे त्याला ठाऊक होतं. वहीत त्यानेच लिहिलं होतं. पण लिहिताना ते एक वाक्य होतं. आता प्रत्येक चकती पुन्हा हातात घेऊन, जाड वाटली की तिचे दोन तुकडे करावे लागत होते. टोपलीभर करांद्यांना बाबांना घटकाभर लागायची. याला दुपार कलली.

मग चुलीतली राख चाळून चकत्यांना चोळली. मडक्यात उकडल्या. पाणी ओतून टाकलं, दुसरं घातलं, पुन्हा उकडल्या. प्रत्येक वेळी तो ओसरीवर बाबांकडे जाऊन विचारायचा, "आता बदलू?"

बाबा म्हणायचे, "तुला काय वाटतं?"

चौथ्यांदा विचारल्यावर हौसा वैतागली.

"आवो मास्तर, पानी बगा की! पिवळं हाय तवर बदलायचं. म्हाताऱ्याला काय इचारता, त्याला त्ये पिवळं दिसतंय थोडंच!"

तेव्हा कुठे यशोधनने मडक्यात नीट बघितलं. पाणी पिवळं होतं. त्याने ते बदललं. पाचव्यांदा विचारायला तो गेला नाही.

संध्याकाळी चकत्यांची टोपली ओढ्याच्या धारेत दगडांमध्ये बसवली. रात्रभर पाणी तिच्यातून वाहू द्यायचं. ही रीत कुणी काढली कोण जाणे. ज्याने काढली, त्याच्या आधी किती जण आडवे झाले असतील, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

सकाळी यशोधनने टोपली काढली. बाबांच्या रीतीप्रमाणे एका चकतीला जीभ लावली, थुंकला, चूळ भरली.

"झालं का?" हौसाने लांबून विचारलं.

"डुबियस!" तो सवयीने ओरडला.

"आं?"

"म्हणजे... मला वाटतं झालं. पण आणखी एकदा उकडतो."

"मंग आसं बोला की. बिस काय, बोस काय..."

भिंतीला टेकलेल्या बाबांच्या मिशीत थोडं हसू हललं.

दुपारी सगळे जेवायला बसले. बाबा, हौसा, तिची दोन पोरं, आणि शेजारची ठकूकाकी, बाबांच्या मयत भावाची बायको. करांदे म्हटल्यावर ठकूकाकीला बोलवावं लागत नसे. मीठ-मिरची लावलेल्या करांद्यांचं मडकं यशोधनने मध्ये आणून ठेवलं आणि पळसाच्या पानांवर वाढलं. आधी पोरांना, मग म्हाताऱ्या माणसांना, मग हौसाला. शेवटी स्वतःला.

कुणी हात लावला नाही.

"घ्या ना," यशोधन म्हणाला.

पोरं त्याच्याकडे बघत राहिली. धाकट्याने हात पुढे केला तसा हौसाने त्याच्या हातावर फटका मारला.

"काय झालं? गार होईल."

"मास्तर," ठकूकाकी म्हणाली, "कापलं कुनी?"

"मी."

"मंग?"

यशोधनला आधी काही कळलं नाही. मग त्याच्या डोळ्यांपुढून सहा वर्षांची जेवणं गेली. हे मडकं, ही पानं, ही माणसं. प्रत्येक वेळी पहिला घास बाबांचा. मग सगळे बसून राहायचे, गप्पा मारायचे, पोरं चुळबुळायची... आणि बऱ्याच वेळाने इतरांचे हात पानाकडे जायचे. पाहुणा म्हणून आलेल्या यशोधनला सर्वांत शेवटी खायला सांगायचे. त्याने वहीत 'चालीरीती' असा मथळा देऊन लिहिलं होतं: पहिल्या घासाचा मान ज्येष्ठाला, पाहुणा शेवटी. पुण्यात व्याख्यानात तो हे सांगायचा आणि लोक हसायचे. तोही हसायचा.

"मी... मान म्हणून लिहिलं होतं," तो पुटपुटला.

"कसला मान?"

"पहिल्या घासाचा. बाबा मोठे म्हणून."

ठकूकाकीने कपाळाला हात लावला.

"आगं बाई! मान म्हनं! आवो, ज्येनं कापलं त्येनं आदी खायाचं. काय झालं तर त्येला व्हऊ दे, पोरांना नगं. ह्यात कसला मान?"

यशोधनने बाबांकडे पाहिलं.

"पण तुम्हाला तर खात्री असायची," तो म्हणाला. "साठ वर्षं... दर वेळी?"

"खात्री व्हती," बाबा म्हणाले. "दर येळी."

"मग पहिला घास कशाला?"

बाबांनी बोटाने त्याचं पान दाखवलं.

यशोधनने एक चकती उचलली. त्याला पुण्यातलं स्वयंपाकघर आठवलं, तुपाचा वास आठवला. त्याने ती तोंडात घातली. मऊ होती, मातकट, मिरचीने तिखट. त्याने दुसरी खाल्ली. मग चावता चावता तो थांबला.

"कडवट लागतंय," तो म्हणाला.

आणि हे वाक्य त्याने ऐकलं. स्वतःच्याच तोंडून.

बाबा जागचे उठले. गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, चार पावलं चालून त्याच्यासमोर येऊन बसले. पडदा आलेले डोळे त्याच्या तोंडाजवळ आणले.

"किती?"

"थोडं."

"जीभ चुरचुरते?"

"नाही."

"व्हट बधिर?"

"नाही, बाबा."

"घशात?"

"काही नाही."

"बरं. मंग थांबू. तू बस, आमी बसतो तुज्यासंगं."

ओसरीच्या मेढीची, त्या लाकडी खांबाची, सावली जात्याला लागेपर्यंत थांबायचं, अशी तिथली रीत. सावली अजून हातभर लांब होती. पोरं पानाकडे बघत होती. ठकूकाकी सुपारी कातरत होती. कुणी घाई केली नाही आणि कुणी धीरही दिला नाही. बाबा त्याच्यासमोर तसेच बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, त्याच्या ओठांकडे बघत.

यशोधन रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला, मोठमोठ्या परिषदांतून बोललेला माणूस, समोर करांदे ठेवून पाच माणसांपुढे हुंदके देऊन रडला. मला हे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना लाजला नाही.

"एवढंच करायचं होतं," तो म्हणाला. "उठून तिच्या समोर येऊन बसायचं होतं. चार पावलं..."

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सावली जात्याला लागली.

"बरं हाय?" बाबांनी विचारलं.

"बरं आहे."

बाबांनी यशोधनच्याच पानातली एक चकती उचलून तोंडात टाकली. मग हौसा, मग ठकूकाकी. पोरांनी तर बघता बघता पानं साफ केली आणि मडक्याकडे वळली.

"जरा जाडच कापलंत," ठकूकाकी खाता खाता म्हणाली. "पर ग्वाड झाल्यात."

एवढी मोठी शाबासकी यशोधनला कुठल्याच परिषदेत मिळाली नव्हती.

जेवणं झाली. यशोधनने हात धुतले, वही ओढली आणि करांद्याचं पान काढलं. डुबियसवर रेघ मारली. शेजारी तो लिहू लागला, आणि लिहिता लिहिता बाबांना वाचून दाखवू लागला. कुणी कापला. किती पातळ. पाणी किती वेळा बदललं आणि शेवटी त्याचा रंग कसा झाला. ओढ्यात किती वेळ ठेवला. पहिला घास कुणी घेतला, आणि नंतर सगळे किती वेळ थांबले.

बाबा लक्ष देऊन ऐकत होते. एकदा म्हणाले, "राख साळीच्या पेंढ्याची नगं, लाकडाची. त्ये लिव." त्याने लिहिलं.

"आन् बाकीची?" बाबांनी विचारलं.

"एकेक करून. तुम्ही खाल्लंत आणि मी पाहिलं, तिथे तुमचं नाव. मी खाल्लं, तिथे माझं. ज्याचा घास आपल्यापैकी कुणीच घेतलेला नाही, तिथे डुबियस राहील. चार-पाच असतील. पण खाली सही माझी."

"मंग येळ लागंल."

"लागेल. दोन वर्षं तरी."

"दोन वरसं मी हाय," बाबा म्हणाले. जणू बाजाराला जाऊन येतो म्हणावं तसं.

यशोधनने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. काहीतरी राहिलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आन् बायकूचं?" बाबांनी विचारलं.

"तेही लिहीन." तो सावकाश म्हणाला. "मी कुठला वेल कापला, कसा चुकलो, ती काय म्हणाली, मी कुठे होतो. सगळं. वेगळं पान करीन. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट असतं, तिथे घालतो."

"कुठं?"

"शेवटी. सगळ्यात मागे."

बाबांनी वही त्याच्या मांडीवरून उचलली. मिटली. उलटसुलट करून तिची सुरुवात कुठली ते हाताने चाचपलं, आणि पुठ्ठा उघडून पहिल्या कोऱ्या पानावर अंगठा टेकवला.

"हितं लिव," ते म्हणाले. "मंग लोक जेवत्याल."